नियम पाळला म्हणजे कर्तव्य संपलें काय?

तान्हें मूल जगाची ओळख तोंडानें करून घेतें. जें सांपडेल तें मुखांत घालावें, हा त्याचा स्वभाव. आणि त्याची श्वासनलिका इतकी अरुंद असते कीं, एखादा मणी किंवा खेळण्याचें तुटलेलें चाक तींत अडकल्यास कांहीं मिनिटांतच प्राणावर बेततें. त्याला सूचना वाचतां येत नाहीं, कीं धोका सांगतां येत नाहीं. तेव्हां त्याच्या हातीं खेळणें देणाऱ्याची जबाबदारी कोठपर्यंत पोंचते, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

अमेरिकेंत १९८० पासून यासाठीं एक माप ठरलेलें आहे. सुमारें ३२ मिलिमीटर व्यासाची एक लहान नळी घेतात. तीन वर्षांखालील मुलांचें खेळणें किंवा त्याचा तुटलेला भाग दाबल्यावांचून तींत पूर्ण मावला, तर तें विकण्यास मनाई आहे. माप शहाणपणाचें आहे, यांत संशय नाहीं. परंतु पुढील हकिकत पाहा.

१९९९ सालीं बर्गर किंग या उपाहारगृहांच्या कंपनीनें मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉन नांवाचीं खेळणीं प्लॅस्टिकच्या चेंडूंत घालून दिलीं. चेंडूचा व्यास सात सेंटिमीटर किंवा किंचित् अधिक असल्यामुळें तो त्या नळींत मावण्याचा प्रश्नच नव्हता. पण तो उघडला म्हणजे त्याच्या दोन वाट्या होत. अशी एक वाटी नाकातोंडावर घट्ट बसून त्या डिसेंबरांत तेरा महिन्यांची एक मुलगी गुदमरून मरण पावली. २७ डिसेंबर रोजीं अडीच कोटींहून अधिक चेंडू परत मागविल्याचें जाहीर झालें. चेंडू आणून देणाऱ्यास तळलेल्या बटाट्यांची एक पुडी मिळे. तरी पुढील जानेवारींत चार महिन्यांचें आणखी एक बालक त्याच रीतीनें गेलें.

कोणी म्हणेल, पुढें काय घडेल हें सर्व कोणास आधीं कळतें? हें म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे. नियम हा बहुधा घडून गेलेल्या दुःखांतून जन्मतो. वाटीच्या आकाराच्या खेळण्यांविषयींचा नियमही अमेरिकेंत अशा मृत्यूंनंतरच आला. म्हणून धोका कळण्यापूर्वीं मनुष्याचा न्याय त्याच्या सावधपणावरून करावा. पण धोका कळल्यावर ही सबब उरत नाहीं. जाहिरात वाचणाऱ्यापर्यंत पोंचते. खेळणें मात्र थोरल्या भावाकडून धाकट्याकडे व शेजाऱ्याच्या घरीं जातें, आणि मागील वार्ता त्याजबरोबर जात नाहीं. ज्या उत्साहानें वस्तु घरोघर पोंचविली, त्याच उत्साहानें ती घरोघर शोधणें हें देणाऱ्याचें कर्तव्य होय. "आम्हीं कळविलें होतें," एवढ्यानें तें फिटत नाहीं.

हाच न्याय आपणांसही लागू आहे. भारतांत १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सामान्यतः सक्तीचें झालें आहे. वाचकहो, तें चिन्ह अवश्य पाहून घ्यावें; पण चिन्ह पाहिलें म्हणून मुलावरील नजर काढूं नये. थोरल्याचें खेळणें धाकट्यास देतांना त्याचे सुटे भाग तपासावे. आणि एखादी वस्तु घातक आहे असें आपणांस कळलें, तर ती केवळ आपल्या घरांतून काढून स्वस्थ बसूं नये. ज्या शेजाऱ्याच्या अंगणांत तसेंच खेळणें आहे, त्याच्या दारापर्यंत त्याच दिवशीं चालत जावें.