घागर ठेवून गेलेली स्त्री

(वाचन : योहान ४:२८-४२)



जबलपुरातील बडा फुहारा या बाजारचौकात उभे राहिले की मनात येते, या गर्दीत एखादी स्त्री देवाविषयी बोलू लागली, तर तिचे कोण ऐकेल? सूखार गावाने एका शोमरोनी स्त्रीचे ऐकले. विहिरीवर घागर ठेवून ती गावात गेली आणि तिच्या शब्दावरून लोक प्रभूकडे आले. पुढे तेच तिला म्हणाले, की आता आम्ही स्वतः ऐकले आहे. आधी दुसऱ्याची साक्ष आणि मग स्वतःचे ऐकणे, ही खऱ्या धर्मांतराची दोन पावले होत. दुसरे पाऊल कोणाच्याही जबरीने टाकता येत नाही.

आजच्या झिंबाब्वेतील शोना लोकांची श्रद्धा होती, की नेहांडा या पूर्वजआत्म्याची वाणी चार्वे नावाच्या स्त्रीच्या मुखातून प्रकट होते. १८९६ च्या उठावानंतर गोऱ्या सत्तेने १८९८ मध्ये तिला फाशी दिले. मरणापूर्वी धर्मगुरूने देऊ केलेला बाप्तिस्मा तिने नाकारला. तिच्याबरोबर फाशी गेलेल्या कागुवीने तो स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत कागुवी सापडेल, चार्वे सापडणार नाही. परंतु धर्मांतर समजून घ्यावयाचे तर तिचा नकारही ऐकला पाहिजे. फासाच्या सावलीत आलेल्या आमंत्रणात सुवार्ता किती आणि सत्ता किती, हे तिने कसे ओळखावे?

हा प्रश्न आपल्याही दारी आहे. त्याच सुमारास, १८९६-९७ च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. जबलपूर त्याच प्रांतातले. उपासमारीतून वाचवलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला. अशा मुली भाकरीसाठी ख्रिस्ती झाल्या, हा आक्षेप आपण झटकून टाकू नये. भुकेल्या माणसाचा होकार पुरता मोकळा नसतो. मात्र १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात संजीवन झाले, तेव्हा मुली स्वतःच्या तोंडाने पाप कबूल करू लागल्या, प्रार्थना करू लागल्या, साक्ष देण्यास गावोगाव निघाल्या. भाकरी दुसऱ्याच्या हातून मिळते; साक्ष मात्र ज्याची त्यानेच द्यावी लागते. रमाबाईंनी स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी न पटलेले मत केवळ वडीलधाऱ्यांच्या आज्ञेवरून त्यांनी मानले नाही.

प्रियजनहो, आपल्या दारी येणाऱ्या भुकेल्याला अट न घालता भाकरी द्या. मग वाट पाहा. ती बोलेल तेव्हा ऐका. ती नकार देईल तरीही ऐका. ज्या प्रभूने विहिरीवर त्या स्त्रीचे सर्व प्रश्न ऐकून घेतले, तो आपल्यालाही ऐकणारे कान देवो. आमेन.