गळ्यांतील क्रूस आणि संग्राहकाची पेटी

मनुष्यानें प्राचीन वस्तूंचा संग्रह करावा कीं नाहीं, हा प्रश्न प्रथमदर्शनीं धनिकांचा वाटतो. ज्याच्या घरीं उद्यांच्या भाकरीची विवंचना आहे, त्यास असला छंद परवडावा कसा? तथापि आम्ही आज ज्या वस्तूंविषयीं लिहीत आहों त्या आमच्या विश्वासाच्या खुणा आहेत. आणि त्यांचा विचार करितांना जो न्याय हातीं येतो तो आमच्या शेतांत सांपडणाऱ्या गुप्तधनासही लागू पडतो. म्हणून खेड्यापाड्यांतील आमच्या बंधुभगिनींनीं ह्या विषयाकडे थोडें लक्ष द्यावें.

युरोप खंडांत मध्ययुगीं, म्हणजे सुमारें इ. स. ५०० पासून १५०० पर्यंत, ख्रिस्ती स्त्रीपुरुष गळ्यांत किंवा वस्त्रावर लहानसा क्रूस धारण करीत. श्रीमंतांचा क्रूस सोन्याचा, तर सामान्यांचा कांशाचा, शिशाचा किंवा हाडाचा असे. पूर्वेकडील बायझंटाईन साम्राज्यांत आणि पुढें कीव्हच्या राज्यांत दोन पोकळ अर्धे बिजागरीनें जोडून केलेले कांशाचे क्रूस प्रचारांत होते. त्यांच्या पोटांत साधुजनांच्या अस्थींचा कण किंवा तत्सम अवशेष ठेवीत. असल्या अवशेषांत तारणाचें सामर्थ्य आहे असें आम्ही मानीत नाहीं. परंतु ज्यांनीं ते क्रूस उराशीं बाळगिले त्यांची भक्ति थट्टेचा विषय नव्हे. आज हेच क्रूस बाजारांत विकले जातात, आणि ते हौसेनें विकत घेऊन पेटींत मांडून ठेवणारे संग्राहक अनेक देशांत आहेत. त्यांचें हें करणें योग्य कीं अयोग्य?

प्रथम त्यांची बाजू ऐकणें न्यायाचें होईल. इंग्लंडांतील कथबर्ट नांवाचा साधुवृत्तीचा बिशप इ. स. ६८७ सालीं मरण पावला. त्याची शवपेटी पुढें डरहॅम येथील कॅथीड्रलांत आली. सोळाव्या शतकांत, आठव्या हेन्री राजाच्या अमदानींत, धर्मसुधारणेच्या नांवाखालीं मठ मोडले गेले, तेव्हां राजाच्या अधिकाऱ्यांनीं त्याच्या समाधीवरील सोनें व रत्नें काढून नेलीं. परंतु प्रेताच्या वस्त्रांत खोल दडलेला एक क्रूस त्यांच्या नजरेस पडला नाहीं. १८२७ सालीं ती पेटी उघडली तेव्हां तो सांपडला. तो सोन्याचा असून त्यांत गार्नेट नांवाचे लाल खडे बसविलेले आहेत, आणि जुन्या काळींच मोडून तो पुन्हां सांधलेला आहे. अधिकाऱ्यांच्या हातीं तो लागता तर बहुधा मुशींत गेला असता. ज्यास केवळ धातु दिसते त्याच्यापेक्षां ज्यास वस्तूची आवड आहे तो बरा. संग्राहकांनीं मुशींतून पुष्कळ वांचविलें आहे, हें त्यांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं.

पण आवडीचीही परीक्षा केली पाहिजे. २०११ सालीं केंब्रिज शहराजवळ ट्रंपिंग्टन येथें, घरें बांधण्यापूर्वीं जमीन शास्त्रीय रीतीनें खणली असतां, सातव्या शतकांतील एक कबर निघाली. तींत सुमारें सोळा वर्षांची एक मुलगी बाजेवर निजविलेली होती, आणि तिच्यापाशीं साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा सोन्याचा व गार्नेटचा क्रूस होता. त्याच्या मागील बारीक कड्यांवरून तो वस्त्रावर शिवलेला असावा असें समजलें. तिच्या अस्थींच्या परीक्षेवरून, ती आल्प्स पर्वताजवळच्या मुलखांत वाढून सात वर्षांची झाल्यानंतर केव्हां तरी इंग्लंडांत आली असावी, असें विद्वानांचें मत पडलें. इंग्लिश लोक नुकते कोठें ख्रिस्ती होऊं लागले होते, त्या काळची ही मुलगी. आप्तांनीं तिला जुन्या रीतीप्रमाणें साजासहित निजविलें आणि अंगावर नव्या विश्वासाची खूण ठेविली. ज्यांच्या घरीं आजोबांच्या किंवा पणजोबांच्या पिढींत सुवार्ता आली, त्या आमच्या वाचकांस ही गोष्ट परकी वाटणार नाहीं. त्या जमिनीच्या मालकांनीं तो क्रूस विकला नाहीं. केंब्रिजच्या संग्रहालयास अर्पण केला.

आतां हीच कबर कोणी लोभी माणसानें धातु शोधण्याचें यंत्र घेऊन रात्रीं उकरली असती, असें समजा. अस्थि विखुरल्या असत्या, बाज कोणास कळली नसती, आणि क्रूस एखाद्या दुकानांत ‘जुन्या संग्रहांतील’ एवढ्याच शब्दांनिशीं विक्रीस आला असता. सोनें तेंच राहिलें असतें. ती मुलगी मात्र कायमची नाहींशी झाली असती. संग्राहक म्हणेल, “मीं कबर उकरली नाहीं, मीं दाम मोजून वस्तु घेतली.” परंतु गिऱ्हाईक नसतें तर चोर रात्रभर कशास जागता? शिवाय जो वस्तूचें मूळ विचारीत नाहीं त्याच्या गळ्यांत खोटा माल सहज बांधला जातो. जुन्या क्रूसाच्या साच्यांतून नवे क्रूस ओतून त्यांवर हिरवा गंज चढविणारे कारागीर थोडे नाहींत.

ह्या बाबतींत कायदाही आहे. इंग्लंडांत १९९६ च्या कायद्याप्रमाणें, तीनशें वर्षांहून जुनी व निदान दहा टक्के सोनें किंवा रुपें असलेली वस्तु सांपडल्यास ती चौदा दिवसांच्या आंत सरकारी अधिकाऱ्यास कळवावी लागते. संग्रहालयानें ती घेतल्यास मोबदला मिळतो, आणि तो सामान्यतः सांपडविणारा व जमिनीचा मालक ह्यांच्यांत वांटला जातो. परंतु एकटादुकटा सांपडलेला कांशाचा क्रूस बहुधा ह्या नियमांत येत नाहीं. म्हणजे राजकन्येच्या सोन्यास कायद्याचा पहारा, आणि नांगरधाऱ्याच्या कांशास केवळ मनुष्याच्या सद्सद्विवेकाचा! देवाच्या दृष्टीनें दोन्ही क्रूसांची साक्ष सारखीच आहे.

आमचें मत असें कीं, संग्रह करणें हें स्वतः पाप नव्हे. परंतु जो संग्रह करितो तो धनी नसून कारभारी आहे. त्यानें वस्तु घेण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. ही कोठून व कशी निघाली, हें मला सांगतां येईल काय? ही माझ्या पेटींत आल्यानें दुसऱ्या कोणाची कबर उघडी पडते काय? आणि जिज्ञासूनें विचारल्यास मी ही दाखवीन काय? ह्यांचीं उत्तरें ज्यास निर्भयपणें देतां येत नाहींत, त्यानें वस्तु कितीही सुंदर असली तरी हात आवरावा. दुसऱ्याच्या प्रेतावरील क्रूस चोरून आपल्या घरीं आणण्यांत क्रूसाचा मान होतो, असें कोण म्हणेल?

आमच्या शेतांत असले क्रूस निघत नाहींत. परंतु नांगराच्या फाळास नाण्यांचें मडकें किंवा जुना दागिना लागल्याचें आमच्या लोकांनीं ऐकिलें आहे. आमच्या देशांत १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरास कळविलें पाहिजे. सरकारनें तें ठेवून घेतल्यास धातूच्या किंमतीवर आणखी एक पंचमांश द्यावा, असें त्यांत आहे. आणि जो लपवितो तो आपला वांटा गमावून शिक्षेसही पात्र होतो. तरी कित्येक घरीं असें धन रातोरात सोनाराच्या मुशींत जातें. उपदेशक बंधूंनीं हा विषय मंडळींत अवश्य काढावा. शेतांत कांहीं सांपडलें तर जागा खुणेनें ध्यानांत ठेवावी, अधिक उकरूं नये, घांसूनपुसूं नये, आणि दुसरेच दिवशीं तलाठ्याच्या मार्फत कलेक्टरास वर्दी द्यावी. आपण ज्या भूमीवर नांगर धरितों तिच्या पोटांत आपल्या आधीं नांगर धरणारे निजले आहेत. त्यांच्यापैकीं कोणाचीही वस्तु हातीं लागली, तर तिच्याबरोबर त्याची आठवणही सांभाळणें हें आपलें कर्तव्य होय.