हेलसिंकीनंतरची चार वर्षं

२० मार्च २०२२ ची रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना सुरू होता. केरळा ब्लास्टर्स एका गोलने पुढे होते आणि ८८ व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल ताव्होराने व्हॉली मारून हैदराबादला बरोबरी साधून दिली. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमनी या दुसऱ्या गोवेकराने तीन फटके अडवले. चषक हैदराबादचा झाला. मुख्य प्रशिक्षक मानोलो मार्केझ होते, स्पेनचे. त्यांचे सहायक होते मणिपूरचे थांगबोई सिंग्टो.

या संघाशी माझं नातं जरा आडवळणाचं. मी पुण्याचा, बालेवाडीला जाऊन एफसी पुणे सिटीचे सामने पाहणारा. २०१९ मध्ये तो संघ बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. आपल्या घरातलं माणूस दुसऱ्या गावी नांदायला गेल्यासारखं वाटलं आणि मी त्याच्या मागोमाग हैदराबादच्या फुटबॉलकडे वळलो. त्या रात्री माझं मत अगदी पक्कं होतं. जो माणूस रोज सराव घेतो, प्रत्येक पोराचा दुखरा गुडघा ओळखतो, मुख्य प्रशिक्षकाचं डोकं जवळून वाचतो, तो उद्या संघ चालवायला तयारच असणार. अडचण फक्त संधीची.

हैदराबादच्या जुन्या फुटबॉलबद्दल जसजसं वाचत गेलो तसतसं या मताला तडे जाऊ लागले.

सय्यद अब्दुल रहीम शिक्षक होते. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीसचे प्रशिक्षक. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला. कूपरेजवर तो काळ पाहिलेल्या पिढीला मुंबईच्या क्लबांइतकेच हैदराबादचे पोलीस आठवत. रहीमसाहेबांना कुणाच्या हाताखाली बसून आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागली नाही. त्या काळी असं पदच जवळजवळ नव्हतं. सराव घेणं, खेळाडू हेरणं, स्पर्धा भरवणं, संघ निवडणं, हे सगळं एकाच माणसाचं काम. त्यामुळे ‘हा तयार आहे का’ हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नसावा. काम अंगावर पडलं आणि ते शिकत गेले.

सहायक ही पायरी मला पहिल्यांदा ठळक दिसली ती त्यांच्या मुलात. सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकला वडिलांच्याच संघात होते, पण एकाही सामन्यात खेळले नाहीत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण जिंकलं, त्या संघात तर त्यांची निवडच झाली नव्हती. प्रशिक्षक वडीलच होते. हवाई दलातला हा अधिकारी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पी. के. बॅनर्जींचा सहायक झाला, पुढे मर्डेका स्पर्धेत राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. आणि १९९८ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघाने ईस्ट बंगालला हरवून ड्युरँड कप जिंकला. तेव्हा ते साठीला टेकले होते. बाकावरची वर्षं त्यांना उपयोगी पडली असणार, यात मला शंका नाही. पण ड्युरँड जिंकणारा माणूस १९८२ मध्येच तयार होता की मधल्या सोळा वर्षांनी त्याला तयार केलं? हे त्या वेळी कुणी सांगू शकलं असतं, असं मला वाटत नाही.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुख्य प्रशिक्षक परदेशी, सहायक भारतीय ही जणू रीतच पडली. निकाल बिघडले की परदेशी माणूस विमानाने परत जाई आणि सहायकाला ‘हंगामी’ म्हणून पुढे केलं जाई. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात हेच झालं. मिगेल आंखेल पोर्तुगाल गेले, प्रद्युम रेड्डींनी संघ सांभाळला आणि डिसेंबरात फिल ब्राउन आले. पुढे हैदराबादचे पहिले मुख्य प्रशिक्षकही तेच ब्राउन. क्रिकेटमध्येही वेगळं नाही. २०१७ मध्ये अनिल कुंबळेंनी पद सोडलं तेव्हा वेस्ट इंडिजचा दौरा बीडच्या संजय बांगर आणि हैदराबादच्या आर. श्रीधर यांनी मुख्य प्रशिक्षकाविना निभावून नेला. दौरा संपला आणि पद दुसऱ्याला मिळालं. अडल्या वेळी ज्याच्यावर विश्वास टाकतो, त्याच्यावर सुखाच्या दिवसांत का टाकत नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मग जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये खेरार्द नूस गेले आणि सहायक खालिद जमील पुढे आले. मुंबईच्या क्लबांत घडलेला आणि आयझॉलला आय-लीग जिंकून दिलेला हा माणूस साखळीतला उरलेला एकही सामना हरला नाही आणि संघ उपांत्य फेरीत गेला. त्याच वर्षी लीगमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे आठवलं की माझं जुनं मत पुन्हा उजळे. पण पुढच्या हंगामात तोच संघ दहाव्या स्थानावर राहिला.

सिंग्टोंनी मला याहून जास्त विचारात पाडलं. २०२३-२४ मध्ये हैदराबादची सूत्रं त्यांच्याकडे आली तेव्हा मार्केझ गोव्याला गेले होते आणि क्लब थकीत देण्यांत बुडाला होता. नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, परदेशी खेळाडू हंगामाच्या मध्यावरच निघून गेले आणि कोवळी पोरं मैदानात उतरवावी लागली. २२ सामने, एक विजय, आठ गुण. डिसेंबर २०२४ मध्ये सिंग्टोही गेले आणि राखीव संघाचे शमील चेंबकथ हंगामी प्रशिक्षक झाले. संघ तेरा जणांत बारावा आला. ‘सहायक चांगला होता, मुख्य म्हणून जमला नाही’, असं लोक सिंग्टोंबद्दल सहज बोलत, आणि ते ऐकून मला खरोखर वाईट वाटे. त्याच संघात त्या वर्षी कुणीही प्रशिक्षक असता तरी काय करू शकला असता? आग लागलेल्या घरात ज्याला पाणी मारायला उभं केलं, त्याच्याकडून गृहप्रवेशाचा हिशेब मागायचा नसतो.

तरीही सगळा दोष परिस्थितीवर टाकला की सुटलो, असंही नाही. दोन्ही कामांची जात खरंच वेगळी आहे. सहायक सल्ला देतो, निर्णय मुख्य प्रशिक्षकाचा असतो. खेळाडू आपलं मन सहायकाजवळ मोकळं करतात, कारण अकरा जणांची यादी तो लावत नाही. ज्या दिवशी ती यादी त्याच्या हाती येते, त्या दिवशी निम्मी पोरं त्याच्याशी बेतानं बोलू लागतात. हे नातं बदलल्यावर माणूस कसा वागेल, हे बाकावरून कुणालाच दिसत नाही, अगदी त्याला स्वतःलाही नाही. शिवाय मुख्य प्रशिक्षकाचं अर्धं काम हंगामापूर्वीच होऊन गेलेलं असतं. कोण घ्यायचा, कोण सोडायचा, पोरांच्या पायांत दम कसा भरायचा, हे तेव्हाच ठरतं. हंगामी माणसाला दुसऱ्याने शिजवलेल्या भाताला फोडणी द्यावी लागते. दहा-बारा सामन्यांच्या त्या परीक्षेत पास झाला म्हणून तो तयार ठरत नाही, तसाच नापास झाला म्हणून कच्चाही ठरत नाही.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा खेळ वेगळा, पण तिथे दर हिवाळ्यात हाच वाद पेटतो. अलाबामा विद्यापीठात निक सेबन यांच्या हाताखाली बचावाची आखणी करणारे कर्बी स्मार्ट २०१६ च्या हंगामात जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या वर्षी आठ विजय, पाच पराभव. राष्ट्रीय विजेतेपद आलं ते सहाव्या हंगामात. पहिल्या वर्षाखेरीसच निकाल लावला असता, तर ते आलंच नसतं.

म्हणून आता एखादा सहायक तयार आहे का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, संघ देणारे तयार आहेत का? पूर्ण उन्हाळा, खेळाडू निवडण्याचा हक्क आणि एक वाईट वर्ष, एवढं ते त्याला देतील का?

१९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला रहीमसाहेबांचा संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. बरेचसे खेळाडू अनवाणी होते. एवढ्या पराभवानंतर प्रशिक्षकाचं नाव पुसून टाकणं किती सोपं होतं! पण १९५६ ला मेलबर्नला संघ घेऊन रहीमच गेले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला.

१ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले, मार्केझ यांच्याच जागी. १४ ऑक्टोबरला, त्याच फातोर्ड्यावर, लालिआनझुआला छांगटेने भारताला आघाडी मिळवून दिली, पण सिंगापूरने सामना २-१ जिंकला आणि आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. ‘जमील यांना हे झेपेल का’ ही चर्चा लगेच सुरू झाली. मला मात्र हेलसिंकी आठवत होतं. रहीमसाहेबांना त्यानंतरची चार वर्षं मिळाली होती.