अर्धशिशी, बदगुमानी आणि उपचाराची सुन्नत



सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी कथन केलेली एक छोटी हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) इहरामच्या अवस्थेत असताना त्यांनी डोक्यावर हिजामा करवून घेतला. कारण होते ‘शकीका’. याच दुखण्याला मराठीत अर्धशिशी आणि डॉक्टरांच्या भाषेत मायग्रेन म्हणतात. इहराममध्ये केस कापण्यासही मनाई असते. अशा बंधनातही प्रेषितांनी (स.) आपली वेदना लपवली नाही आणि त्या काळी उपलब्ध असलेला उपचार टाळला नाही.

आता आपल्या घरांकडे पाहा. अर्धशिशीचा झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो. डोके ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसवत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार सुमारे तिप्पट आढळतो. परंतु ताप नाही, जखम नाही, तपासणीचा अहवालही बहुधा निर्दोष येतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेली सून कामचुकार ठरते. सोयरीक मोडेल या भीतीने मुलीचे दुखणे लपवले जाते. कोणी नजर लागली म्हणून केवळ तावीज बांधून मोकळे होते.

सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:१२) अल्लाहने श्रद्धावंतांना पुष्कळशा गुमानांपासून दूर राहण्याची ताकीद दिली आहे, कारण काही गुमान गुन्हा असतात. कोणत्याही पुराव्याविना आजारी माणसाला ढोंगी ठरवणे ही बदगुमानी नव्हे तर काय? त्याची वेदना आपल्याला दिसत नाही, अल्लाहला ती ठाऊक आहे.

दुआ अवश्य करावी, पण उपचारासह. औषधोपचार करावा काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक आजारावर अल्लाहने औषध ठेवले असल्याचे सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी).

तेव्हा मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस ढकलू नका. महिन्यात १०-१५ दिवस वेदनाशामके घेत राहिल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. झटक्याच्या वेळी घ्यायची औषधे वेगळी आणि झटके कमी करणारी वेगळी. ती डॉक्टरांनीच ठरवावीत. झटक्याची तारीख, झोप, जेवण, पाळी आणि घेतलेली गोळी वहीत लिहून ठेवा व ती वही डॉक्टरांना दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते. प्रवास अवघड असल्यास शासनाच्या ‘ई-संजीवनी’ सेवेतून घरबसल्या मोफत सल्ला मिळतो. मात्र डोके अचानक असह्य दुखू लागले, बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले किंवा तापासह मान ताठली, तर तात्काळ रुग्णालय गाठा.

शरीअतनेही आजाऱ्याला सवलत दिली आहे. उभे राहवत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज अदा करावी. आजारपणात सुटलेले रोजे पुढे पूर्ण करता येतात. जिथे अल्लाहने सवलत दिली, तिथे टोमणा मारण्याचा अधिकार सासूला, पतीला किंवा शेजाऱ्याला कुठून मिळाला? त्या दिवशी चूल दुसऱ्याने पेटवावी, मुलांना शांत ठेवावे आणि दवाखान्यात तिच्यासोबत जावे. आजाऱ्याची विचारपूस करणे हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे. तो घरातल्या माणसापासून सुरू होतो.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्याला त्यांचा हक्क अदा करण्याची तौफिक देवो. आमीन.