आग्रहाचा घांस

पंगतींत पानावर आडवा हात धरणाऱ्या पाहुण्यास वाढणारानें जिंकावें, आणि पाहुण्यानें हरल्याचें सोंग करून आणखी एक पोळी संपवावी, हा आमच्या समाजाचा फार जुना व फार लाडका खेळ आहे. आग्रह करणारा उदार आणि आग्रहास वश होणारा सज्जन, अशी उभयतांची समजूत असते. या खेळांत कोणास इजा होत असेल, असें आम्हांस गेल्या पौष महिन्यापर्यंत कधीं वाटलें नव्हतें.

त्या महिन्यांत सोलापूर जिल्ह्यांतील माढा येथें एका स्नेह्यांच्या शेतावर आम्ही हुरड्यासाठीं गेलों होतों. या स्नेह्यांनीं दीड वर्षापूर्वीं वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. हें आम्हांस ठाऊक होतें. तिचा अर्थ मात्र ठाऊक नव्हता. आगटीभोंवतीं मंडळी बसलेली, गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि शेजारच्या फडांतील उंसाचा ताजा रस, असा सगळा थाट होता. यजमान मात्र चिमूटभर दाणे तोंडांत टाकून ते कितीतरी वेळ चावीत बसलेले. आम्हींच थट्टेनें रसाचा पेला त्यांच्या हातीं दिला व 'आमच्या शब्दाखातर एवढा तरी घ्या' म्हणून गळ घातली. त्यांनीं घेतला. पंधरावीस मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम डवरला, छाती धडधडूं लागली, पोटांत मुरडा उठला, आणि ते बाभळीखालीं आडवे झाले. तासाभरानें उठून ते हंसले. त्यांचें पोट लहान झालें असलें, तरी आमचा अपराध त्यांनीं पोटांत घातला. आमच्या मनांतून मात्र तो गेला नाहीं.

झालें तें असें. या शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. एकांत जठराचा सुमारें पाऊण हिस्सा कापून काढतात, व उरतें तें एखाद्या नळीसारखें असतें. दुसऱ्यांत जठराच्या वरच्या टोकाशीं दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी राखून ती लहान आंतड्याच्या पुढील भागास जोडून देतात. याचा मूळ प्रयोग एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं अमेरिकेंतील आयोवा येथें केला. आमच्या स्नेह्यांची शस्त्रक्रिया या दुसऱ्या प्रकारची. धड जठर हें दारावरच्या राखणदारासारखें असतें. आलेलें अन्न घुसळून तें बेताबेतानें पुढें सोडतें. राखणदार गेला कीं गोड रस एकदम आंतड्यांत उतरतो, त्यास पातळ करण्यासाठीं रक्तांतील पाणी तिकडे ओढलें जातें, आणि घाम, धडधड, मुरडा, जुलाब हीं सारीं एकामागून एक येतात. कित्येकांस दोन-तीन तासांनीं रक्तांतील साखर उलट फाजील उतरून हातपाय कांपूं लागतात.

स्नेह्यांनीं मग आपली दिनचर्या सांगितली. दिवसांतून पांचसहा वेळां वाटीभर खाणें. त्यांतहि आधीं डाळ, उसळ किंवा अंडें, धान्य मागाहून. प्रत्येक घांसाचा लगदा होईपर्यंत चावणें. जेवतांना पाणी नाहीं. अर्ध्या तासानें, तेंहि घोट घोट. मऊ पोळी आणि भात त्यांच्या छातीशीं अडून बसतात, पण सोलापुरी कडक भाकरी नीट चावली म्हणजे निमूटपणें उतरते, हा त्यांचा स्वतःचा शोध. पूर्वीं तांब्याभर दूध पचविणाऱ्या या गृहस्थास आतां कपभर दुधानें पोट फुगतें. ताक तेवढें मानवतें. पहिल्या सहा महिन्यांत केंस मूठमूठ गळले. बी-१२ जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम हीं अन्नांतून पुरेशीं अंगीं लागत नाहींत, म्हणून त्यांच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या, आणि ठराविक काळानें रक्त तपासावयाचें. शाकाहारी माणसास बी-१२ ची वाण आधींच असते. त्यानें तर यांत मुळींच हयगय करतां कामा नये.

एवढें ऐकूनहि मंडळींतील एक गृहस्थ म्हणाले, 'यांत संयम कसला? पोट कापल्यावर कोणीहि कमीच खाईल!' असें पुष्कळांस वाटतें. २०११ सालीं नितीन गडकरी यांनीं अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हांहि असाच सूर आम्हीं चारचौघांत ऐकिला होता. प्रश्न वरवर थट्टेचा असला तरी नीतीच्या मुळाशीं जाणारा आहे. सुरीनें लादलेल्या मिताहारास सद्गुण म्हणावें काय?

आरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत दोन पुरुष कल्पिले आहेत. एकास वाईट वासना होते, पण तो तिला आवरून धरतो. दुसऱ्यास ती होतच नाहीं. दुसऱ्यास त्यानें श्रेष्ठ मानिलें. १९९९ सालीं कोजिमा व कांगावा या जपानी संशोधकांनीं भूक चेतविणारें 'घ्रेलिन' नांवाचें द्रव्य शोधून काढलें. शस्त्रक्रियेच्या पहिल्या प्रकारांत जठराचा जो भाग काढून टाकतात, तेथेंच तें मुख्यत्वें तयार होतें. मग घ्रेलिन कापून काढलेला मनुष्य आरिस्टॉटलच्या दुसऱ्या पुरुषाच्या पंक्तीस बसवावा काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे. पण त्यास संयमाचें श्रेय मुळींच न देणाऱ्यांशींहि आमचें पटत नाहीं. सुरीचा अंमल फार तर वर्ष-दोन वर्षांचा. पुढें भूक हळूहळू परत येते, आणि उसळीस अडणारें पोट आइस्क्रीमला व शेवचिवड्याला बिनबोभाट वाट देतें. कित्येकांचें गेलेलें वजन याच चोरवाटेनें परत येतें. म्हणजे दिवसांतून सहा वेळां पानावर बसून निवड करावयाची ती मनानेंच. शस्त्रक्रियेस आम्ही पाणी सोडून केलेल्या संकल्पाच्या जातीची मानतों: संकल्पानें मनुष्य स्वतःस आधींच बांधून घेतो, पण व्रत त्याला रोज पाळावेंच लागतें. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण ज्या समाजांत आहे त्यानें तरी दुसऱ्याच्या व्रताची प्रत लावतांना जपून बोलावें!

शिवाय, स्थूल मनुष्य तेवढा खादाड, ही समजूतच मुळांत अपुरी आहे. चरकानें अतिस्थौल्याचीं कारणें सांगतांना अतिभोजन व दिवसाची झोंप यांच्या जोडीस बीजाचा स्वभावहि सांगितला आहे. आनुवंशिकतेचें महत्त्व आजचें वैद्यकहि मानतें. जें ओझें सर्वस्वीं स्वतः उचललेलें नाहीं, तें उतरविण्यास दुसऱ्याचा हात घेतला, यांत लाज ती कोणती?

स्नेह्यांच्या आईची गोष्ट निराळी. आज उजनीच्या पाण्यानें या तालुक्यांत ऊंस डोलतो आहे. पण १९७२ च्या दुष्काळांत धरण पुरें झालेलें नव्हतें. ऐन विशींत या बाईंनीं सरकारी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या. 'पोटभर' हा शब्द त्यांच्या तोंडीं आशीर्वादासारखा येतो. त्यांच्या मुलानें लाखों रुपये मोजून आपलें पोट लहान करून घेतलें! पहिल्या पंधरवड्यांत तो वाटीभर डाळीच्या पाण्यावर असतांना त्या चुलीपाशीं बसून डोळ्यांस पदर लावीत. 'दुष्काळांत बी मानूस यापरीस जास्त खायाचं, बाबा,' असें त्या आम्हांस म्हणाल्या, तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमचा आग्रह हौसेचा होता. त्यांचा भुकेंतून जन्मलेला. ज्या मुलखानें इतक्या वेळां अवर्षण पाहिलें, तेथें पाहुण्याच्या पानांत ढीग घालणें म्हणजे आज घरांत धान्य आहे, भिऊं नकोस, असें सांगणें होय. असा आग्रह सोडणें हें वाढणाऱ्यास सोपें नाहीं. खाणाऱ्याच्या संयमाइतकाच कठीण असा हा वाढणाऱ्याचा संयम आहे, आणि त्यासाठीं कोणतीहि शस्त्रक्रिया निघालेली नाहीं.

त्या रात्रीं आम्ही त्यांच्या घरीं जेवलों. बाईंनीं मुलापुढें लहान ताटली ठेविली. तींत चतकोर कडक भाकरी व मटकीची उसळ. पाण्याचा तांब्या त्यांनीं उचलून आपल्यामागें ठेविला. आम्हांस त्यांनीं दुसरी भाकरी वाढली, तिसरीबद्दल विचारलें, आणि आम्ही नको म्हणतांच हात मागें घेतला. आमचें जेवण आटोपलें तेव्हां चतकोराचा निम्मा अजून शिल्लक होता. आम्ही उठूं लागलों, तशा त्या म्हणाल्या, 'बसा पाव्हणं, त्याचं अजून चाललंया.' पंगतींत सर्वांचें झाल्याशिवाय उठूं नये, हें आम्हांस लहानपणींच शिकविलें होतें. आम्ही पुन्हा मांडी घातली. हात वाळूं लागले, बाहेर कुत्रीं भुंकून थांबलीं, आणि बाई मुलाच्या चालत्या जबड्याकडे पाहत, तांब्यावर हात ठेवून बसल्या होत्या.