ऋणशब्द आणि नौकानामे

परभाषेतून आलेल्या शब्दाला 'ऋणशब्द' म्हणण्याचा प्रघात भाषाभ्यासात रूढ आहे. संज्ञा सोयीची असली तरी निरुपद्रवी नाही. ऋण म्हटले की धनको आला, ऋणको आला आणि फेडीचे नैतिक बंधनही आले. भाषाशुद्धीच्या आग्रहाचे बरेचसे बळ या रूपकातच साठलेले आहे. नौकानामांच्या कसाला लावले असता मात्र ते टिकत नाही.

फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राजव्यवहारकोश' शिवछत्रपतींच्या आज्ञेने रचला गेला. त्यानंतर काही दशकांतच, १७१५च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त नौदलावर स्वतंत्र प्रकरण आले ते 'आरमार' या नावाखाली. आणि हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलेला! ज्यांच्या सागरी मक्तेदारीला शह द्यावयाचा, त्यांच्याच शब्दाने ताफ्याचे नामकरण झाले. याला ऋण कसे म्हणावे? ऋणात देणाऱ्याची संमती गृहीत असते. येथे देणारा प्रतिस्पर्धी होता, आणि शब्द गेल्याने त्याच्याकडचे काही उणेही झाले नाही. शिवाय पोर्तुगीज ज्या परवान्याची सक्ती करीत, त्याचे 'कार्ताझ' हे नाव अरबी 'किर्तास' म्हणजे कागद यावरून आलेले. धनकोच ऋणको निघाला.

'गुराब' अधिक बोलका आहे. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ कावळा; मराठीत जहाज तेवढे आले, कावळा मागेच राहिला. पुढे आंग्र्यांच्या गुराबांशी गाठ पडलेल्या इंग्रजांनी त्याचे 'ग्रॅब' केले. 'गलबता'च्या व्युत्पत्तीविषयी तर अभ्यासकांत एकमत नाही. सावकारच निश्चित होत नसेल तर फेड कोणाला करावयाची? फार्सी 'नाखुदा'चा नाखवा, अरबी 'सुक्कान'चे सुकाणू, फार्सी 'लंगर' हे शब्द दरबारातून नव्हे, बंदरातून आले. नाना भाषा बोलणाऱ्या खलाशांना वादळात एकच हुकूम एकदम कळावा लागतो. तेथे शब्दाचे कुळ विचारण्यास सवड नसते. अशा शब्दांची मालकी सामाईकच म्हणावी लागेल. अर्थात सामाईक म्हटल्याने त्यांमागील सत्तासंघर्ष पुसला जात नाही. 'आरमार' शब्दात तो आजही वाचता येतो.

समुद्रापासून दूर असलेल्या सोलापुरात हा प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. येथील विणकर वस्त्यांतील तेलुगू भाषेत होडीला 'पडव' म्हणतात. कोकणचा मालवाहू 'पडाव' त्याच द्राविडी कुळातला दिसतो. कन्नड 'दोणी', मराठी 'डोणी' आणि संस्कृत 'द्रोणी' यांचीही अशीच सोयरीक आहे. परंतु कोरडवाहू मुलखात डोणी म्हणजे गुरांना पाणी पाजण्याचे दगडी पात्र. एका डोणीत पाणी शिरू द्यावयाचे नसते, दुसरीत ते भरून ठेवावयाचे असते. आणि पंगतीतल्या पानांच्या द्रोणाचे नाते या दोहींशी आहे.