कॉफीगृहांची सफर आणि निर्णयाचा हक्क

बंगळुरूहून निघून हासन, सकलेशपूर, चिकमंगळूर, तिथून मडिकेरी आणि परत येताना म्हैसूर, हा फेरा मराठी पर्यटकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. पूर्वी या फेऱ्यात बेलूर-हळेबीडची मंदिरे, ॲबी धबधबा आणि म्हैसूरचा राजवाडा एवढे पाहून माणसे समाधानाने परतत. आता त्यात कॉफीगृहांची भर पडली आहे. मळ्याच्या कडेला उघडलेली छोटी दुकाने, स्वतः बिया भाजणारे तरुण, शहरातली जुनी स्टीलच्या पेल्यांची हॉटेले अशी यादी करून माणसे गावोगाव कॉफी पीत हिंडतात. हा छंद मला महत्त्वाचा वाटतो आणि तो वाढावा असेही वाटते. पण सर्वांत चविष्ट पेला कुठे मिळतो, एवढाच प्रश्न घेऊन निघालेली सफर अपुरी राहते. कॉफीची चव, तिची किंमत आणि दुकानाचे भवितव्य यांविषयीचे निर्णय कुठे घेतले जातात, हा खरा प्रश्न आहे. ते निर्णय जिथे पिकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या जवळ राहिले आहेत, त्या दुकानाला मी स्वतंत्र म्हणेन, मग त्याची मालकी एका माणसाची असो की शंभर कामगारांची.

हे निर्णय किती दूर जाऊ शकतात, ते भारतीय कॉफीच्या इतिहासात स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या बाजारपेठा तुटल्या, मळेवाले अडचणीत आले आणि 1942च्या कायद्याने कॉफीचा सगळा व्यवहार कॉफी बोर्डाकडे गेला. घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी सोडली, तर उरलेले सारे पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावे लागे. बोर्ड त्याची प्रतवारी करी, लिलाव करी आणि शेतकऱ्याला पैसे हप्त्याहप्त्याने देई. या व्यवस्थेने लहान बागायतदाराला भावाच्या चढउतारात आधार दिला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण बाबाबुडनगिरीच्या उतारावरची अरेबिका आणि खालच्या खोऱ्यातली अरेबिका एकदा एकाच प्रतीच्या पोत्यात गेली, की त्यांची ओळख संपे. एखाद्याने फळ पूर्ण पिकल्यावरच तोडले, सावकाश वाळवले, तर त्या कष्टाचे वेगळे मोल मिळण्याची वाट जवळजवळ नव्हती. 1992पासून ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि 1996मध्ये शेतकऱ्याला आपले सगळे पीक हव्या त्याला विकण्याची मुभा मिळाली. मळ्याचे नाव छापलेले जे पाकीट आज पर्यटक हौसेने विकत घेतो, ते कायद्याने शक्य होऊन पुरती तीन-साडेतीन दशकेही झालेली नाहीत.

म्हणजे स्वतंत्र कॉफीगृह हे नव्या पिढीच्या नव्या यंत्रांबरोबर आले, असे मानायचे का? तसे मानले तर आपण या प्रदेशाचा अर्धा वारसा पुसून टाकू. कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी पुढाकाराने निघालेल्या ‘इंडिया कॉफी हाउस’ची सुरुवात 1936मध्ये मुंबईत चर्चगेटला झाली. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ही दुकाने बंद करायला घेतली तेव्हा नोकरी गमावणाऱ्या कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था काढल्या. त्यांतली पहिली संस्था ऑगस्ट 1957मध्ये बंगळुरूत स्थापन झाली. पेले विसळणारे आणि ऑर्डर घेणारे हातच मालक झाले. बंगळुरूचे एम. जी. रोडवरचे कॉफी हाउस 2009मध्ये जागा सोडून चर्च स्ट्रीटवर गेले, पण चालू राहिले. 1980च्या दशकात त्याच शहरात ‘दर्शिनी’ हा प्रकार रुजला. खुर्च्या नाहीत, वाढपी नाही, उभ्याने खायचे, काउंटरवर कूपन द्यायचे आणि स्टीलच्या पेल्यातली गरम कॉफी घ्यायची. खुर्च्यांचा आणि वाढप्यांचा खर्च वाचला म्हणून भाव खाली राहिला आणि रिक्षावाल्यापासून बँकेतल्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे एकाच कट्ट्याशी उभे राहू लागले. यांतल्या कुठल्याही दुकानात मळ्याचे नाव सांगत नाहीत. तरीही किती वाजता उघडायचे, किती घट्ट डिकॉक्शन काढायचे, ‘बाय टू’ मागणाऱ्याला एका कॉफीचे दोन पेले कसे करून द्यायचे, हे तिथेच ठरते. म्हणून सफरीच्या यादीत त्यांची जागा पहिल्या ओळीत आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. साखळी दुकानेही इथलीच आहेत, मग त्यांना वगळायचे कशासाठी? ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान 1996मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर उघडले. त्यामागचे कुटुंब चिकमंगळूरचे, पिढ्यान्पिढ्यांचे कॉफी बागायतदार. 2012मध्ये टाटांशी भागीदारी करून स्टारबक्स मुंबईत आले तेव्हा त्याच्या कॉफीमागे टाटांचे दक्षिणेतले मळे होते. बी इथली, भाजणी इथली, नोकऱ्याही इथल्या, मग तक्रार कसली? तक्रार माणसांविषयी नाहीच. आकार वाढला की निर्णयाची जागा सरकते, एवढेच माझे म्हणणे आहे. शेकडो दुकानांत एकच चव हवी असेल तर वेगवेगळ्या बागांच्या बिया पुन्हा एकत्र मिसळाव्या लागतात, म्हणजे बोर्डाच्या काळातली अनामिकता खासगी रूपात परत येते. दुकान चालू ठेवायचे की बंद करायचे, हे त्या गल्लीतल्या गिऱ्हाइकांपेक्षा कर्जाच्या हप्त्यांवर ठरू लागते. 2019नंतर कॅफे कॉफी डेची शेकडो दुकाने बंद झाली. त्यांतली कित्येक आपापल्या वस्तीत चांगली रुळलेली असतील, पण कंपनीच्या डोक्यावरच्या देण्यांपुढे त्या रुळण्याला काही मोल उरले नाही. छोटे दुकानही बुडू शकते, अनेकदा बुडतेही. मात्र ते आपल्या चुकांनी किंवा आपल्या गल्लीच्या बदलाने बुडते, दूर कुठेतरी मांडलेल्या हिशेबाने नाही.

साखळ्यांच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. जुनी कॉफी हाउसे ही बहुतांशी पुरुषांची जागा होती. एकटी तरुणी तिथे तासभर पुस्तक वाचत बसली तर नजरा वळत. वातानुकूलित साखळी दुकानांनी तिला कुणीही प्रश्न न विचारता बसण्याची जागा दिली, स्वच्छ स्वच्छतागृह दिले, भाव फलकावर लिहून ठेवला. छोट्या गावांत तर हा बदल फार मोठा होता. हे श्रेय नाकारून स्वतंत्र दुकानांची भलामण करणे अप्रामाणिक ठरेल. पण यातून निघणारा निष्कर्ष असा, की स्वतंत्र दुकानांनी हा धडा घ्यावा. जवळच्या माणसाला उत्तर देणे हा जर स्वातंत्र्याचा गाभा असेल, तर जवळच्या निम्म्या माणसांना अवघडल्यासारखे वाटणारे दुकान आपल्याच कसोटीवर नापास होते.

दुसरी बाजू नव्या, स्वतः बिया भाजणाऱ्या दुकानांची. त्यांच्यावर आरोप असा, की दर्शिनीच्या पेल्याच्या कित्येक पट किंमत लावून ती श्रीमंतांसाठी चालतात आणि तीच लाकडी टेबले, तेच लटकते दिवे लावून सगळी एकसारखी दिसतात. दिसण्याचा आरोप खरा आहे. किमतीचा आरोप मात्र तपासून पाहावा लागतो. भारतात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा भाग परदेशी जातो, त्यातही बराचसा कच्च्या, हिरव्या बियांच्या रूपात. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, रोबस्टाचा लंडनच्या. भाजणे, दळणे, पाकिटात भरणे आणि पेल्यात ओतणे या टप्प्यांवर मिळणारा पैसा त्या पोत्याबरोबर समुद्रापार जातो. हे टप्पे चिकमंगळूरला किंवा मडिकेरीला पार पडले, तर त्या पैशाचा काही वाटा तिथे राहतो. 2019मध्ये कोडगू अरेबिका, चिकमंगळूर अरेबिका आणि बाबाबुडनगिरी अरेबिका यांना भौगोलिक मानांकन मिळाले. पण दप्तरात नोंदलेले नाव कुणीतरी गिऱ्हाइकापुढे रोज उच्चारले तरच त्याला अर्थ येतो आणि ते काम ही छोटी दुकाने करतात. महाग पेल्याचे समर्थन एवढ्यावरच उभे आहे. बागेचे नाव न सांगणारे आणि तरीही चढा भाव लावणारे दुकान फक्त दिव्यांचे पैसे घेते, असे खुशाल समजावे.

या नव्या दुकानांतला चिकोरीविषयीचा तुच्छताभाव मात्र मला पटत नाही. बंगळुरू-म्हैसूरच्या जुन्या पेठांत आणि आपल्या मुंबईत माटुंग्यालाही कॉफीपूड दळून देणारी दुकाने आहेत. गिऱ्हाईक येऊन सांगते, निम्मी प्लांटेशन ए, निम्मी पीबेरी, चिकोरी वीस टक्के. दुकानदाराला प्रत्येक घराचे प्रमाण पाठ असते. स्वतःची चव स्वतः ठरवण्याचा याहून साधा आणि स्वस्त मार्ग मला माहीत नाही. शुद्ध अरेबिकाच्या नावाखाली या परंपरेला हिणवणे म्हणजे एका अनामिकतेतून सुटून दुसऱ्या एकसाचीपणात अडकणे होय.

शेवटचा आक्षेप प्रत्यक्ष सफरीवरच आहे. शनिवार-रविवारी बंगळुरूहून निघालेल्या गाड्यांच्या रांगा मुळ्ळय्यनगिरीच्या अरुंद घाटात अडकतात, डोंगरउतारांवर होम-स्टे उभे राहतात, पाण्यावर ताण येतो. शिवाय एका पर्यटकाच्या दोन पेल्यांनी लंडनचा भाव हलत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पर्यटक जागतिक बाजार बदलू शकत नाही, तसा दावाही कुणी करू नये. मात्र कुठले दुकान टिकावे यावर त्याच्या पैशाचा परिणाम होतो आणि तो पैसा तो कसा खर्च करतो, हे पूर्णपणे त्याच्या हाती आहे. एका दिवसात सहा दुकानांचे फोटो काढणारा प्रवासी गर्दी देतो, आधार देत नाही. छोट्या दुकानाचा जीव रोजच्या, परत परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर असतो. म्हणून प्रवाशाने शक्य तितके त्या गिऱ्हाइकासारखे वागावे. घरी गेल्यावरही त्याच बागेची पूड पुन्हा मागवणे, हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग आहे.

तेव्हा या फेऱ्याला जरूर निघावे, जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवसांत. यादी छोटी ठेवावी आणि तिच्यात दर्शिनी, कामगारांचे कॉफी हाउस, पूड दळणारे दुकान आणि मळ्याशेजारचे नवे कॉफीगृह या चौघांनाही जागा द्यावी. कॉफी कुठल्या बागेची, कुणी भाजली, फळे तोडायला कुठून मजूर आले, हे विचारावे. डिसेंबर-जानेवारीच्या तोडणीत आसाम-झारखंडकडून येणारी माणसेही या पेल्याची धनी आहेत, पण त्यांचा उल्लेख अजून कुठल्या पाकिटावर सहसा होत नाही. असाच प्रश्न आपल्याकडे चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनीही विचारावा, कारण विदर्भातल्या त्या डोंगरावरही कॉफी पिकते. ज्या दुकानात या प्रश्नांची उत्तरे मिळतात, तिथे दुसऱ्यांदा जावे आणि जिथे मिळत नाहीत, तिथे ते प्रश्न पुन्हा विचारावेत. गिऱ्हाईक विचारायचे थांबले, की नावे पुसली जायला वेळ लागत नाही.